सुट्टीला जाताना वीज आणि इंधन कसं वाचवायचं? (घर बंद करताना, घाटात, मुक्कामी)

कळंबाकाठ

नमस्कार मंडळी,

मे महिना लागला की आपल्या कोल्हापुरात गल्लीतली निम्मी घरं कुलपात असतात. कोण मालवण-तारकर्लीला, कोण गावाकडं, कोण महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला बहिणीकडं. बॅगा भरायला चार दिवस जातात आणि घर बंद करायचं काम शेवटच्या पाच मिनिटांत, रिक्षा दारात उभी असताना उरकलं जातं. त्या पाच मिनिटांबद्दल बोलावं म्हणून हा धागा काढतोय.

बंद घरालाही बिल येतं. स्थिर आकार चुकत नाही, ते ठीक. पण त्यावर जे युनिट पडतात ते कशाचे? हे बघायला काहीही विकत आणावं लागत नाही. घराच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी बारीक अक्षरात एका युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो. बऱ्याच मीटरवर ३२०० असतो, काहींवर १६०० किंवा ६४००. रात्री सगळे दिवे-पंखे बंद करा, फ्रीजही तेवढ्यापुरता बंद करा (त्याचा कॉम्प्रेसर मधेच सुरू झाला की हिशेब चुकतो) आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मीटरपुढं उभं राहा.

समजा ३२०० चा मीटर आहे आणि दर ४५ सेकंदांनी एकदा लुकलुकतोय. म्हणजे तासाला ८० वेळा. ८० भागिले ३२००, म्हणजे तासाला ०.०२५ युनिट. थोडक्यात, सगळं 'बंद' असताना घर २५ वॅट खातंय. दिवसाला ०.६ युनिट, पंधरा दिवसांच्या सुट्टीत ९ युनिट, आणि फ्रीज अजून यात धरलेलाच नाही.

९ युनिट म्हणजे काय मोठं, असं कुणी म्हणेल. पण आपल्याकडं येणारी बहुतांश वीज अजून कोळशाची आहे, आणि ही वीज कुणाच्याच उपयोगी न पडता जाते. एखाद्याच्या घरात दिवा लागला, पोरानं अभ्यास केला, पंख्याखाली म्हातारं माणूस झोपलं तर ती वीज सत्कारणी लागली. रिकाम्या घरात सेट टॉप बॉक्स कोमट राहावा म्हणून ती जळते, हे मला खरंच पटत नाही.

तर तुम्ही घर बंद करताना काय करता? आणि प्रवासात, मुक्कामी काय करता? सविस्तर लिहा.

तांबडापांढरा

मेन पाडायचं, गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा, कुलूप लावायचं. विषय संपला की भावा.

एमसीबीदादा

तांबडापांढरा, गॅसचं अगदी बरोबर. मेनचं मात्र सरसकट सांगू नका. माझा वायरिंगचा धंदा आहे, रोज हेच काम करतो, म्हणून जरा खुलासा करतो.

पहिली गोष्ट इन्व्हर्टर. मेन पाडलं की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली. तो बॅटरीवर चालू होतो. त्याच्या लाईनवर राउटर, एखादा दिवा, देवघरातला बल्ब जोडलेला असला की ते सगळं बॅटरी रिकामी होईपर्यंत चालतं. साधी ॲसिडची बॅटरी पूर्ण उतरून तशीच आठ-पंधरा दिवस पडली की आतल्या प्लेटांवर थर धरतो आणि तिची ताकद कायमची कमी होते. विजेत वाचलं त्याच्या कितीतरी पट बॅटरीत जाईल. मेन पाडायचंच असेल तर आधी बॅटरी फुल चार्ज करा, डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, मग इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद करा आणि त्यानंतरच मेनला हात लावा. चार्ज केलेली बॅटरी दोन-तीन आठवडे बंद ठेवली तर काही होत नाही.

दुसरी गोष्ट सीसीटीव्ही. आता गल्लीगल्लीत कॅमेरे आहेत. कॅमेरा, डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) आणि मोबाइलवर दिसायला राउटर, ही साखळी चालूच ठेवावी लागते. ती चालू ठेवा, त्यात बचत शोधू नका. पण टीव्ही, सेट टॉप बॉक्स, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, मिक्सर, मोबाइलचे चार्जर यांची पिनच काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, त्याचं कारण वळीव. मे महिन्यात आपल्याकडं संध्याकाळी जो वळीव येतो त्यात वीज कडाडते. बटणानं एकच तार तुटते, दुसरी जोडलेलीच राहते. डिशची नाहीतर केबलची वायर तर थेट गच्चीवरनं येते. तीही सेट टॉप बॉक्समधनं काढून ठेवा.

आणि नवीन घर बांधत असाल किंवा डीबी (घरातला खटक्यांचा बॉक्स) बदलत असाल तर वायरमनला एवढंच सांगा : फ्रीज, सीसीटीव्ही आणि इन्व्हर्टर एकेका वेगळ्या एमसीबीवर (डीबीतल्या खटक्यावर) घ्या. म्हणजे बाकीचे सगळे खटके खाली आणि हे तीन वर, असं ठेवून निवांत जाता येतं.

शेंडापार्क

एमसीबीदादा, आमच्या गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर आहे, नेट मीटरवालं (घेतलेली आणि परत लाईनला दिलेली, दोन्ही वीज मोजणारं). वीस दिवस मुलीकडं बंगळूरला चाललोय. मेन पाडलं तर सोलर चालूच राहील ना? पॅनेल तर बाहेर उन्हातच आहेत.

एमसीबीदादा

नाही राहणार काका. तुमचं सोलर महावितरणच्या लाईनला जोडलेलं आहे. त्याच्या इन्व्हर्टरला (हा बॅटरीवाला नव्हे, सोलरचा वेगळा) ग्रीडची, म्हणजे महावितरणच्या लाईनची वीज दिसली नाही की तो स्वतःहून बंद पडतो. हे मुद्दाम केलेलं असतं. खांबावर लाईनमन काम करत असेल आणि तुमच्या गच्चीवरनं त्या तारेत वीज आली तर त्याचा जीव जाईल.

आता तुमच्याकडं सोलरची जोडणी घराच्या मेन स्विचच्या अलीकडं केलीय की पलीकडं, ते बघायला लागेल. पुष्कळ घरांत ती मेनच्या आतल्या बाजूला, घराच्या डीबीतच असते. तसं असेल तर मेन पाडताच सोलर बंद. उन्हाळ्यात एक किलोवॅटला दिवसाला चार युनिटच्या आसपास धरतात. तीन किलोवॅटचे बारा, वीस दिवसांचे २४० युनिट. घरात वापर नसताना हे सगळे ग्रीडला जाऊन तुमच्या खात्यावर जमा झाले असते. जमा युनिट आर्थिक वर्ष संपेपर्यंत, म्हणजे ३१ मार्चपर्यंत पुढच्या बिलांत वळते होतात. जून-जुलैत आपल्याकडं पाऊस झोडपतो तेव्हा पॅनेल फार काही देत नाहीत. तेव्हा हेच युनिट कामाला येतात. सोलरवाल्यांनी सुट्टीला जाताना मेन अजिबात पाडू नये.

कळंबाकाठ

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ साली आल्यापासून आमच्या कॉलनीत पॅनेल बरीच वाढलीत. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं म्हणून लोक पुढं आले, चांगलं झालं. पण 'घराबाहेर जाताना काय करायचं' हेही बसवणाऱ्यानं घरातल्या सगळ्यांना डीबीपुढं उभं करून दाखवायला पाहिजे. माहितीपत्रक कपाटात जातं.

स्वयंपाकघरातून

फ्रीजबद्दल मी लिहिते, कारण आमच्या घरात दर वर्षी त्यावरूनच वाद होतो. सासूबाई म्हणतात बंद करा, मुलगा म्हणतो राहू दे.

फ्रीजच्या दारावर जे ताऱ्यांचं स्टिकर असतं त्यावर वर्षाला किती युनिट लागतात ते लिहिलेलं असतं. समजा २०० आहे. ३६५ नं भागलं की दिवसाला अर्ध्या युनिटच्या जरा वर. आठवड्याला चार युनिट. तेवढ्यासाठी फ्रीजरमधला मटार, नारळाचा चव, वर्षाचा आमरस टाकून देणं मला पटत नाही. तो आमरस करायला लागलेला गॅस आणि मेहनतही बघा की. तेव्हा आठ दिवसांपर्यंत फ्रीज चालू. फक्त दूध, दही, चिरलेली भाजी, शिळं काढून टाकायचं आणि थंडपणाचं बटण मध्यमवरून कमीवर आणायचं. दार कुणी उघडणारच नसतं, त्यामुळे कमीवरही पुरतं.

पंधरा दिवसांच्या वर जायचं असेल तर मात्र रिकामा करून बंदच. पण बंद फ्रीजचं दार लावून जाऊ नका! आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्यायचा, खालच्या ट्रेमधलं पाणी ओतायचं, आतून सोड्याच्या पाण्यानं पुसून कोरडा करायचा आणि दारात दुमडलेला टॉवेल अडकवून फट ठेवायची. नाहीतर आल्यावर जी बुरशी आणि वास येतो तो महिनाभर जात नाही. कांदा-लसूण चटणी, लोणचं, मेतकूट यांना फ्रीज लागतच नाही. तेलाचा तवंग वर आहे ना एवढं बघून बरणी कोरड्या फडताळात ठेवायची.

अजून एक. चालू ठेवून गेलात तर फ्रीजरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. तळाशी गेलं असेल तर मधे बराच वेळ लाईट गेली होती, सगळं वितळून पुन्हा गोठलंय. तेव्हा आतलं मासे-मटण खाऊ नका.

तांबडापांढरा

काकू, नाण्याचं एक नंबर!

मी आत्ता मीटर बघून आलो. ३२०० च आहे. फ्रीज बंद करून २० सेकंदाला एक. तासाला १८०, म्हणजे ५६ वॅट होतात. एवढं काय खातंय घरात?

कळंबाकाठ

एकेक पिन काढत परत बघा, फरक लगेच कळतो. इन्व्हर्टर, जुना होम थिएटर आणि सेट टॉप बॉक्स यांच्यापासून सुरुवात करा.

तांबडापांढरा

होम थिएटरच निघाला. तो आणि सेट टॉप बॉक्स काढल्यावर ५० सेकंदाला एक आला. म्हणजे २२-२३ वॅट, राउटर आणि इन्व्हर्टरचे. होम थिएटर दिवाळीपासनं कुणी लावलेला नाही. आता पिन काढूनच ठेवली.

मंगळवारपेठी

चोरांसाठी बाहेरचा दिवा रात्रंदिवस चालू ठेवून जाणारी मंडळी आमच्या गल्लीत आहेत. भर दुपारी दिवा जळतोय म्हटल्यावर घरात कोणी नाही हे लांबनंही कळतं. जुना ६० वॅटचा बल्ब असेल तर पंधरा दिवसांत एकवीस-बावीस युनिट जातात. नऊ वॅटचा एलईडी लावला तर सव्वातीन. अंधार पडला की लागणारा आणि उजाडलं की विझणारा सेन्सरवाला बल्ब इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, त्यात त्याच्याही निम्मे. शेजाऱ्यांना सांगून दारातलं वर्तमानपत्र उचलायला लावणं दिव्यापेक्षा जास्त उपयोगी.

स्टेअरिंग

घराचं झालं, आता गाडीचं बोलू. मी कोकणात सतत भाड्यानं गाडी नेतो. करूळ, फोंडा, आंबोली, आंबा सगळे घाट नेहमीचे. गगनबावड्यावरनं खाली वैभववाडीला उतरताना किती गाड्या न्यूट्रलवर सोडलेल्या असतात! पेट्रोल वाचतंय म्हणून. मंडळी, वाचत नाही.

आजच्या सगळ्या इंजेक्शनच्या गाड्यांत, गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की उतारावर इंजिनला इंधन जाणंच बंद होतं. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतःला चालू राहायला इंधन घ्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जातं. आणि सगळा भार ब्रेकवर. तळाला येईपर्यंत लायनर तापून वास सुटतो आणि ब्रेक धरायचा बंद होतो. घाट चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम इंधनालाही बरोबर लागू आहे.

बाकी : निघायच्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना टायरमधली हवा बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यात पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो. पाच माणसं आणि बॅगा असताना तोच घ्यायचा. टपावरचं कॅरिअर गरज नसेल तर काढा. हायवेला ८० आणि १०० मध्ये हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त वाढतो, तो सगळा पेट्रोलमधनं भरावा लागतो. चहाला थांबल्यावर एसीसाठी गाडी सुरू ठेवू नका, उभ्या गाडीत तासाला अर्धा ते एक लिटर सहज जातं.

चार्जिंगपॉइंट

स्टेअरिंगदादांच्या घाटाच्या मुद्द्याला जोडून. आमची गाडी इलेक्ट्रिक आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच. माणसं-सामान धरून १८०० किलोची गाडी समुद्रापर्यंत उतरली की त्या उंचीतली ऊर्जा होते सुमारे २.७ युनिट. त्यातली सगळी नाही, पण बरीचशी घाटात बॅटरीत परत येते. म्हणून घाटात रीजन (उतारावर मोटरनं वीज तयार करून बॅटरीत परत भरणं) वरच्या पातळीवर ठेवायचं आणि ब्रेक कमीत कमी.

एक काळजी : बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते आणि रीजन लागत नाही. कोल्हापुरातनं फुल करून निघालं तर गगनबावड्यापर्यंतच्या ५५ किलोमीटरमध्ये पुरेशी जागा होते. पण आंबोलीत मुक्काम करून सकाळी तिथंच फुल चार्ज करून सावंतवाडीला उतरू नका, ८०-८५ टक्क्यांवर थांबा. आणि येताना तीच उंची चढायची आहे, तेव्हा परतीला जास्त चार्ज लागतो हे धरून चला.

मिरजवाली

गाडीच न नेणं हा पर्याय कुणी लिहिलाच नाही. पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांना रेल्वे आहे. सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर-पुणे वंदे भारतही सुरू झाली, ती विजेवरच धावते. एक लिटर पेट्रोल जळालं की सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दोघंच जण कारनं मुंबईला जातात तेव्हा वाईट वाटतं. कोकणासाठी एसटी आहे, फक्त लहान मुलं आणि सामान असलं की तिथं पुढं रिक्षा मिळेल की नाही हा प्रश्न असतो, ते मान्य.

देवबागची_लेक

माहेर कोल्हापूर (उभा मारुती चौक), सासर मालवणजवळचं देवबाग. आमचा छोटा होमस्टे आहे. पाहुणे आम्हाला आवडतात, त्यांच्यावरच घर चालतं, पण मुक्कामी विजेबद्दल थोडं मनापासून लिहिते.

पाहुणे समुद्रावरनं येतात, ओल्या अंगानं खोलीत शिरतात आणि एसी १८ वर करतात. १८ वर केल्यानं खोली लवकर गार होत नाही, साधा एसी तेवढ्याच जोरानं चालतो, फक्त थांबत नाही. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं, आणि १ जानेवारी २०२० पासून नवीन एसी सुरू करताच २४ वर येतात ते त्यासाठीच. किनाऱ्यावर त्रास उष्णतेपेक्षा दमटपणाचा असतो. २६ वर एसी आणि वर एक नंबरवर पंखा, किंवा रिमोटवरचं 'ड्राय'चं बटण. करून बघा, पहाटे चादर ओढावी लागेल.

दुसरं, कपडे. ओले कपडे एसीच्या खोलीत वाळत घालतात. त्यातलं सगळं पाणी एसीला खेचून काढावं लागतं. आमच्याकडं मागं माडांच्या मधे दोऱ्या बांधल्यात, भर वाऱ्यात दोन तासांत वाळतात. कुठंही गेलात तर 'कपडे कुठं वाळत घालू' एवढं विचारा, मालक आनंदानं जागा दाखवतील.

तिसरं, कार्ड. हॉटेलात दाराजवळच्या खाचेत कार्ड घातलं की लाईट येते. बाहेर जाताना दुसरं कार्ड तिथं ठेवून एसी चालू ठेवणारे खूप आहेत. सिंधुदुर्ग किल्ला बघून यायला चार तास, चार तास रिकामी खोली गार. आल्यावर दहा-पंधरा मिनिटांत खोली गार होते हो.

आणि टॉवेल रोज बदलून मागू नका. धुण्याचं पाणी पंपानं चढतं, मशीन विजेवर चालतं, आणि पावसाळ्यात इस्त्री करूनच वाळवावे लागतात.

स्वयंपाकघरातून

देवबागची लेक, आमच्या घरात हे सगळ्यांना वाचून दाखवलं. आम्ही पुढच्या आठवड्यात तिकडंच आहोत. दोरीचं लक्षात ठेवते.

शेंडापार्क

अजून एक शंका. सोलर वॉटर हीटरही आहे, काचेच्या नळ्यांचा. वीस दिवस पाणी वापरलं नाही तर? आणि फ्लशची टाकी थोडी गळते, म्हणून वरच्या टाकीचा गेट व्हॉल्व्ह बंद करून जायचा विचार होता. नाहीतर ऑटोवर लावलेला पंप सारखा चालू होत राहील.

एमसीबीदादा

काका, पंपाचा ऑटो आणि त्याचा खटका दोन्ही बंद करा, पण वरची टाकी भरून. गेट व्हॉल्व्ह बघताना ही काळजी घ्या : सोलर हीटरला गार पाणी त्याच व्हॉल्व्हमधनं जात असेल तर तो बंद करू नका. मेच्या उन्हात न वापरलेलं पाणी उकळतं, वरच्या वाफेच्या नळीतनं उडून जातं आणि नळ्या कोरड्या पडतात. नंतर तुम्ही आल्यावर व्हॉल्व्ह उघडला की तापलेल्या नळ्यांत गार पाणी शिरतं आणि काच तडकते.

नळ्यांवर जुनी सतरंजी किंवा ताडपत्री टाका, चारी बाजूंनी दोरीनं घट्ट बांधा, वळवाच्या वाऱ्यात उडायला नको. वाफेची नळी मात्र झाकायची नाही. फ्लशला खाली स्वतःचा छोटा कॉक असतो, तो बंद करा. गळती तिथंच थांबेल, मोठ्या व्हॉल्व्हला हात लावायलाच नको. आल्यावर ताडपत्री संध्याकाळी, ऊन उतरल्यावर काढा.

शेंडापार्क

फ्लशचा कॉक सापडला, फिरतोय. ताडपत्री शेताकडनं आणतो. मीटर मात्र जिन्याच्या आत आहे, रीडिंगवाला आला तर?

कळंबाकाठ

घर बंद आणि मीटर आत असला की रीडिंग मिळत नाही आणि बिल सरासरीनं येतं, पुढच्या रीडिंगला ते दुरुस्त होतं. पण तुमचं नेट मीटर असल्यानं ग्रीडला किती गेलं हेही त्यात दिसायला हवं. जिन्याची किल्ली शेजाऱ्यांकडं ठेवा आणि रीडिंगच्या तारखेला मीटरचा फोटो पाठवायला सांगा. नेट मीटरचे आकडे एकापाठोपाठ एक येतात, घेतलेले आणि दिलेले दोन्ही फोटोत आले पाहिजेत. साध्या मीटरवाल्यांना महावितरणच्या ॲपवरून स्वतःचं रीडिंग पाठवता येतं. ॲप उतरवून ग्राहक क्रमांक आताच जोडून ठेवा.

शेंडापार्क

शेजारच्या पोराला आजच नेऊन दाखवतो. धन्यवाद सगळ्यांना.